चावी

नवरा व्हॉल्व्हमन, धुळ्याच्या महापालिकेत.
सहाव्या दिवशी पाणी, तेही रात्री अडीचला,
आणि त्याचा नंबर गल्ली नंबर दोनपासून
साक्री रोडच्या पार टोकापर्यंत सगळ्यांना पाठ.
तो चावी घेऊन निघतो, चार फुटी, लोखंडी,
फोन घरी विसरतो.
मुद्दाम विसरतो.
शिव्या मी ऐकते.

एकोणपन्नास सरलं. पाळी
गेल्या पोळ्यापासून आलेली नाही.
अडीचला तो उठतो, तीनला मी पेटते,
छातीपासून कानांपर्यंत,
कुणी भट्टीचं झाकण काढावं तशी.
खिडकीच्या गजाला गाल लावून उभी राहते.
गज थंड असतो.
मे महिन्यात तोही नसतो.

शिबिरात गेले ती त्याला दाखवायला.
चेहरा त्याचा लाल, झोपमोड त्याची,
खारातली मिरची दोन्ही वेळा तोच खातो.
नर्सने पट्टा आधी माझ्या दंडाला बांधला, सहज,
यंत्र नीट चालतंय का बघायला.

एकशे अडुसष्ट. खाली एकशे दोन.

"काय व्हयनं वं?" तो म्हणाला.
काही झालं नव्हतं, तेच तर.
ना डोकं दुखलं, ना भोवळ.
सकाळी दोन किलो उडदाचं पीठ कुटून आले होते.
त्याचा निघाला एकशे चव्वेचाळीस.
हरल्यासारखं तोंड झालं त्याचं.

डॉक्टरीणबाई हळू बोलतात.
म्हणाल्या, नसा सैल ठेवणारं एक रसायन होतं तुमच्यात,
ते आता आवरून निघालंय.
आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी बसल्यात,
त्यांना वाघ आणि फोनची रिंग यांतलं काही कळत नाही.
रिंग वाजली की त्या सांगतात, पळ.
तुम्ही पळत नाही.
"हो दादा, येतंय पाणी," म्हणत उभ्या राहता.
ते पळणं मग आतच फिरत राहतं.

परतताना पांझरेच्या पुलावर त्याने गाडी थांबवली.
"बरोबर सांगे ती बाई," म्हणाला.
"चढावरच्या गल्लीला पाणी पोचवायचं
तर खालच्या लाइनीला सोसावं लागतं.
जुनी लाइन, आत क्षाराचा थर,
बोट जाईल एवढंच भोक.
वरून दिसतं का काही?
माती ओली झाली की कळतं."
अठ्ठावीस वर्षांत माझ्याबद्दल
इतकं कधी बोलला नव्हता.
बोलला तेही पाइपाबद्दल.

मीठ मोजायला घेतलं, तिथे खरा घोळ.
बिबड्यांत मीठ, पापडात खार,
शेवभाजीतली शेव म्हणजे तर मीठच तळलेलं.
कळण्याच्या भाकरीशी ठेचा घेताना
हात अर्ध्यात थांबतो,
मग थांबत नाही.
रोज अर्धा तास चालायला सांगितलंय.
कामाशिवाय चालणारी बाई दिसली
की ओट्यावरून विचारतात, कुठे निघाल्या?
म्हणून पिठाची रिकामी पिशवी हातात धरून चालते.
गोळी मात्र चुकवत नाही.

एका रात्री त्याच्याबरोबर गेले.
खड्ड्यात चावी उतरवून तो फिरवत होता, मोजत होता.
बंद करताना तर फारच सावकाश.
एकदम आवळलं की पाणी मागे फिरून धडक देतं,
नव्या पोराने गल्ली सहाची लाइन अशीच फोडली होती.
सव्वीस आटे.
शेवटचे चार तर थांबत थांबत.
मीही मोजत होते मनात.
एकोणिसाव्याला जांभई आली.
किती महिन्यांनी.

परवा पुन्हा दवाखाना.
पट्टा फुगायला लागला आणि मांडीवरच्या पिशवीत
फोन वाजला. गल्ली चारचाच असणार.
मी तोंड उघडलं.
"मोजताना बोलायचं नसतं," नर्स म्हणाली.
वाजतोय, वाजतोय.
पट्टा घट्ट, घट्ट.
बाजूला उभा होता तो. माझ्याकडे बघितलं,
पिशवीत हात घातला.
"हां बोला," म्हणाला,
"लोटन बोलतोय."